फुले योजनेनं कॅन्सरचा उपचार आणला, पण तपासणीचं काय?

ऊसपट्टा : राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंत केमो, रेडिएशन, ऑपरेशन बसतं. चांगलंच आहे. पण हा पैसा आजार झाल्यावरच सुटतो. तिशीनंतर तोंड, स्तन, गर्भाशयमुख तपासायचं काम उपकेंद्राच्या गळ्यात. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली. माझ्या मते पैसा उलट्या टोकाला ओततोय आपण.

मागवाला, इचलकरंजी : नाही पटलं. पूर्वी कॅन्सर म्हटलं की रान विकून परळला टाटाच्या दारात मुक्काम. आता कोल्हापुरात उपचार होतात. उपचारच नसताना गाठ सापडून करायचं काय होतं?

उपकेंद्रातली सिस्टर : दादा, तुम्ही दोघं मधला रस्ता विसरताय. मिश्री लावणाऱ्या मावशीच्या गालात पांढरा चट्टा मला दिसतो. मी चिठ्ठी देते. पुढं तालुका, मग जिल्हा, मग बायोप्सीची, म्हणजे चट्ट्याचा तुकडा काढून तपासायची तारीख. भांगलण सोडून एवढे हेलपाटे कोण घालणार? गेली की नाही, हेही मला कळत नाही. वर आकडा जातो तो 'तपासणी झाली' एवढाच.

मागवाला, इचलकरंजी : मग शिबिरं घ्या गावात.

उपकेंद्रातली सिस्टर : शिबिरात फोटो निघतात हो. बायोप्सी नाही निघत.

एमडीचा अभ्यास चालू : दोन अभ्यास बघा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटानं प्रशिक्षित सेविकांकडून दर दोन वर्षांनी ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी केली, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के घटले. उस्मानाबादेत मात्र तीच तपासणी एकदाच केली तर मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर करणारा विषाणू, त्याची चाचणी एकदाच केली आणि मृत्यू जवळपास निम्मे झाले (२००९). दोन्हीकडं पुढच्या उपचाराची सोय होती, हे विसरू नका. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, 'आतलं तपासू नका' हा नकारही कमी होईल.

ऊसपट्टा : तेच म्हणतोय. ही चाचणी आणि बायोप्सी तालुक्यातच, योजनेच्या पैशातून व्हावी.

मागवाला, इचलकरंजी : बायकांचं मानलं. पण आमच्या यंत्रमागावरची पोरं? गुटखा २०१२ पासून बंद, तरी रातपाळीला टपरीवर तंबाखू-सुपारीचा मावा घोटून तयार असतो. त्या पोराला दिवसा झोप, उपकेंद्र दिवसा उघडं. त्याचं तोंड कोण बघणार ते सांगा.