अलाबामाची वाढ नक्की कशामुळे?

अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला की विद्यापीठाचे विद्यार्थी आणि प्रतिष्ठा दोन्ही वाढतात, असं म्हणतात आणि अमेरिकेतल्या अलाबामा या सरकारी विद्यापीठाचं उदाहरण देतात: निक सेबन 2007 मध्ये फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून आले, संघ जिंकायला लागला, आणि दहाएक वर्षांत विद्यार्थिसंख्या 24 हजारांवरून 37 हजारांवर गेली. आकडे खरे आहेत, पण सगळं श्रेय फुटबॉलला देणं मला पटत नाही. 2008 च्या मंदीनंतर राज्याने अनुदान कापलं, त्यामुळे जास्त फी भरणारी परराज्यांतली मुलं आणणं विद्यापीठाला भागच होतं. त्यासाठी त्यांनी देशभर माणसं नेमली, गावोगावच्या शाळांत पाठवली. नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या शालेय शिष्यवृत्ती स्पर्धेच्या अंतिम यादीतल्या मुलांना तर फी माफ, राहायची सोय आणि वर खर्चाला पैसे! हुशार मुलं आली ती या पॅकेजमुळे. शनिवारच्या सामन्यांमुळे नाव घरोघरी पोचलं, एवढं मी मान्य करतो.

आणि 'प्रतिष्ठा' म्हणाल, तर यूएस न्यूज या प्रकाशनाच्या विद्यापीठांच्या क्रमवारीत हेच विद्यापीठ आधी पहिल्या शंभरात होतं. विजेतेपदं येत राहिली त्याच काळात ते शंभराबाहेर गेलं. उलट सॅन दिएगोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ बघा. तेही सरकारीच. तिथे विद्यापीठाचा फुटबॉल संघच नाही, तरी संशोधनात ते देशातल्या पहिल्या फळीत आहे. आपल्याकडची एमएसला जाणारी मुलं तिथे अर्ज करतात ती प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि असिस्टंटशिप (विद्यापीठातल्या कामाच्या बदल्यात मिळणारं अर्थसाहाय्य) बघून. स्टेडियम किती मोठं आहे हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.