गोलकीपर इतके क्लब का बदलतात?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे):
माझा १६ वर्षांचा मुलगा एका फुटबॉल अकादमीत गोलकीपिंग करतो. त्याचे ग्लोव्ह्ज रोज रात्री गॅलरीतल्या दोरीवर माझ्या ऑफिसच्या शर्टांशेजारी वाळत असतात. इंग्लंडकडून ५३ सामने खेळलेला डेव्हिड जेम्स वॉटफर्डपासून केरळा ब्लास्टर्सपर्यंत १० क्लबांकडून खेळला, असे मुलानेच मला सांगितले. आमच्या बँकेत इतक्या नोकऱ्या बदलणाऱ्याचा अर्ज कोणी पुढे सरकवणार नाही. जेम्स कुठेच टिकला नाही, असे समजावे का?

उत्तर १:
मुळीच नाही. लिव्हरपूलमध्ये तो १९९२ ते १९९९ होता आणि प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधले त्याचे सामने ५७२ भरतात. बचावपटूला वेळप्रसंगी मधल्या फळीत खेळवता येते, पण गोलकीपरची जागा एकच असल्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या कीपरला पहिला जायबंदी होईपर्यंत बाकावरच बसावे लागते, आणि ज्याला खेळायचेच आहे तो दुसरा क्लब शोधतो. क्लब खालच्या श्रेणीत घसरला, तरी हीच वेळ येते. २००३ मध्ये वेस्ट हॅम घसरल्यावर काही महिन्यांतच जेम्स मँचेस्टर सिटीत गेला. ज्या पोर्ट्समथबरोबर त्याने २००८ चा एफए कप जिंकला, तोही क्लब २०१० मध्ये घसरला आणि त्याने तो सोडला.

उत्तर २ (नेरूळ):
यात ओळखीचाही भाग असतो. २०१३ मध्ये तो आइसलँडच्या आयबीव्हीकडे गेला, तेव्हा तिथला प्रशिक्षक पोर्ट्समथमधला त्याचा जुना सहकारीच होता. पुढच्याच वर्षी, २० डिसेंबर २०१४ रोजी, आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात मी त्याला आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये पाहिले. वय ४४, केरळचा कीपर तोच आणि प्रशिक्षकही तोच. इंज्युरी टाइममध्ये कॉर्नरवर मोहम्मद रफीकने हेडरने गोल केला आणि कोलकाता १-० ने जिंकले. खरे सांगायचे तर माझे लक्ष बॉलपेक्षा जेम्सच्या हातांकडेच अधिक होते. बचावफळीला तो सतत हातवारे करून जागा दाखवत होता.

उत्तर ३:
इंग्लिश गोलकीपर जॉन बरिजचे नाव राहिले. त्याच्या क्लबांपुढे जेम्सचे १० काहीच नव्हेत. १९९५ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, तो मँचेस्टर सिटीकडून प्रीमियर लीगमध्ये उतरला. पुढे ओमानमध्ये प्रशिक्षक असताना त्याने अली अल-हब्सीला हेरले आणि तो मुलगा नंतर विगनकडून प्रीमियर लीग खेळला. आपल्या मुलाच्या अकादमीत कीपर किती आहेत?

प्रश्नकर्ता:
तीन, आणि हा तिसरा. वर्षभरात दोनच सामने मिळाले आहेत. या रविवारी ऐरोलीतल्या एका क्लबची निवड चाचणी आहे; आजवर मीच त्याला नको म्हणत होतो.