शब्दचर्चा : 'रॉ'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणावं?

प्रश्न (चोपडा) : अभ्यास म्हणून एका इंग्रजी गोष्टीचं स्पॅनिश करतोय. 'रॉ'पाशी अडलो. कोशात 'क्रूदो' मिळालं. पण गोष्टीत 'रॉ मँगो' आहे, सालटं निघालेला 'रॉ' हात आहे आणि बाप गेल्यावर 'रॉ' आवाजात बोलणारी मुलगी आहे. सगळीकडे क्रूदो चालेल?

उत्तर (जळगाव) : नाही चालणार भाऊ. आपला 'कच्चा' इथे दगा देतो. भरताचं न भाजलेलं वांगंही आपल्याला कच्चं आणि न पिकलेलं केळंही कच्चंच. स्पॅनिशमध्ये शिजायचं राहिलेलं ते क्रूदो, पिकायचं राहिलेलं ते 'बेर्दे', म्हणजे हिरवं. रावेर-यावलला घड कापतात तेव्हा केळं बेर्दे असतं. कैरी म्हणजे 'मांगो बेर्दे'. कैरीला 'रॉ मँगो' आपण म्हणतो, इंग्लंडात 'अनराइप' म्हणतील. कोल्ह्याची द्राक्षं आपल्याकडे आंबट, तिकडे बेर्दे. कामात नवख्या माणसालाही बेर्देच.

हाताला 'एन कार्ने बिबा' लिहा, शब्दशः 'जिवंत मांसात'. या 'बिबा'चा आपल्या बिब्याशी काही संबंध नाही, पण बिबा उतल्यावर कातडीचं जे होतं ते आठवलं की अर्थ विसरायचा नाही.

आवाजाला क्रूदो लावू नका. माणसांच्या बाबतीत त्या शब्दाला निष्ठुरपणाची धार आहे. 'क्रूदा रेआलिदाद' म्हणजे कठोर वास्तव. मेक्सिकोत तर 'क्रूदो' म्हणजे रात्रीची दारू सकाळी डोक्यात ठणकणारा माणूस! आणि ही धार जुनी आहे. इंग्रजी 'रॉ', लॅटिनमधून आलेला 'क्रूदो' आणि आपला संस्कृत 'क्रूर' एकाच मुळाचे. मूळ अर्थ रक्ताचा, कच्च्या मांसाचा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ कोश मिटलाच नव्हता.

धरणगाव : 'रॉ कॉटन'चं काय? जिनात सरकीसकट येतो तो कापूस, सरकी काढली की रुई. इंग्रजीत दोन्हीला रॉ कॉटन म्हणतात.

जळगाव : मग आधी विचारायचं, सरकी आहे की नाही. असेल तर 'आल्गोदोन सिन देस्मोतार', काढली असेल तर 'फिब्रा दे आल्गोदोन'. कच्चा माल मात्र सरळ 'मातेरिया प्रीमा'.

चोपडा : आणि दादा, मुलीचा आवाज?

जळगाव : 'बोस देस्गार्रादा'. देस्गार्रार म्हणजे टरकन फाडणं. रडून फाटलेला आवाज.

चोपडा : हेच हवं होतं. आमची आजी गेली तेव्हा आईचा आवाज असाच झाला होता.