मोडी लिहिताना लक्ष एकवटतं ते बोरूमुळे की मजकुरामुळे?

दौत : रोज अर्धा तास बोरूनं, म्हणजे काडी कापून केलेल्या लेखणीनं, मोडी या जुन्या मराठी लिपीचा कित्ता गिरवावा, मन ताळ्यावर येतं, असं माझं ठाम मत आहे. बोरूला घाई खपत नाही. टोक दोनेक मिलिमीटर रुंद, तिरकं कापलेलं. मधली चीर साधारण एक सेंटिमीटर. चीर लांबली की दोन्ही पाकळ्या फाकतात आणि शाईचा डाग पडतो. आखूड राहिली तर शाई उतरतच नाही. दौतीत कापसाचा बोळा ठेवावा, म्हणजे टोक गरजेपुरतंच भिजतं. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग अक्षरं तिला लटकवायची. मन भरकटलं की हाताचा कोन ढळतो, आणि ते कागदावर लगेच दिसतं.

रुमालवाचक : बोरूचं सगळं पटलं, निष्कर्ष पटला नाही. मोडी ही घाईचीच लिपी आहे! हात उचलावा लागू नये म्हणून काना खालून वर वळतो. शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एकेक अक्षर चित्रासारखं काढत बसलात तर मोडीचं वळणच हरवतं.

खरं लक्ष लागतं ते वाचताना. कागदावर ‘खमस सितैन मया व अलफ’ असा सुहूर सन, म्हणजे अरबी अंकनावांनी लिहिलेलं जुन्या कागदांतलं वर्ष, आहे समजा. पाच, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1165. त्यात महिन्याप्रमाणे 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन 1764-65. ‘सितैन’च्या जागी ‘सबैन’ वाचलंत तर दहा वर्षं वाढली, आणि थोरल्या माधवरावांच्या काळातला कागद सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत जाऊन बसला. हे भान नुसत्या कित्त्यानं येत नाही.

टाक : कित्त्याशिवाय तरी कुठून येणार? अक्षर कुठून सुरू होऊन कुठे वळतं हे हाताला कळलं, तरच जोडून लिहिलेलं डोळ्याला सुटं दिसतं. मात्र जेल पेननं गिरवू नका. जाड-बारीक रेघ दिसत नाही, त्यामुळे बोरूनं लिहिलेले पेशवेकालीन कागद समोर आले की अडतं. शाईत डिंक जास्त झाला तर चीर तुंबते, कमी पडला तर वाळल्यावर काजळी बोटाला लागते. आणि पुण्याच्या पावसाळ्यात कागद दमट होतो, शाई फुटते. वह्या बंद डब्यात ठेवा.

दौत : मोडी वेगाची लिपी आहे, हे मान्य. पण वेग हवा म्हणून पहिल्या महिन्यापासून पळवलं तर शिरोरेषेपासून अक्षरं सुटतात, ती खोड पुढे मोडता येत नाही. आणि मन स्थिरावतं म्हणून माणूस रोज बसला, तर त्यात वावगं काय?

रुमालवाचक : बसला तर उत्तमच. पण तो बाराखडीवरच थांबला तर मोठं नुकसान आहे. पुण्यातच पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, 1910 पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि सफाईनं वाचणारे मोजके. अर्ध्या तासातली दहा मिनिटं जुन्या कागदाच्या छापील प्रतिमेला द्या : आधी ओळ मोठ्यानं वाचा, मग शिरोरेषा ओढा, मग न बघता लिहा आणि ताडून पाहा.

टाक : न बघता नको, निदान सुरुवातीला. चुकीचं वाचलेलं हाताला पक्कं होतं. आधी देवनागरीत लिप्यंतर करून तपासून घ्यावं, मगच बोरू बुडवावा.