आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांशी मनाबद्दल कसे बोलावे?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यात आम्ही काही मैत्रिणी अशा घरांना भेटी देतो. समुपदेशनाचे नाव काढताच बाई गप्प होते, कारण सासू दारातच उभी असते आणि ‘हिला वेड लागले’ असा गावभर बोभाटा होण्याची धास्ती असते. सुरुवात कशी करावी?

उत्तर १: ताई, आधी कागदपत्रांना हात घाला. सातबाऱ्यावरची वारसनोंद, सावकाराचा तगादा, मुलांची फी यांतून वाट निघू लागली की झोप उडाल्याचे, छातीत धडधडत असल्याचे ती आपण होऊन सांगते.

उत्तर २: सहमत आहे. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम याच रीतीने उभा राहिला. गावातलीच प्रशिक्षित माणसे दुःख ऐकून घेत आणि सरकारी योजनांपर्यंतही पोहोचवत. देवऋष्याकडे जाणाऱ्या बाईला मात्र टोचून बोलू नका, तिचा विश्वास उडेल.

उत्तर ३: जीव द्यावासा वाटतो असे कोणी म्हणाल्यास तिला एकटे सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून २४ तास मराठीतही बोलता येते. परंतु घरातला फोन पुष्कळदा दिराच्या हाती असतो, म्हणून तो तुमच्या फोनवरून, शेताच्या बांधावर बसून लावून द्यावा.