मदत हवी आहे : दोन ग्राउंड स्टेशनांची वेळापत्रकं एका साच्यात कशी बसवायची?

नमस्कार मंडळी,

आमचा छोटा उपग्रह साधारण 500 किमी उंचीवर फिरतो. एक फेरी दीड तासाची, पण एका स्टेशनवरून तो दिसतो जेमतेम दहा मिनिटं (यालाच 'पास' म्हणतात). म्हणून दोन ठिकाणी अँटेना भाड्याने घेतल्या, आणि तिथेच घोळ सुरू झाला.

एक स्टेशनवाला वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) पाठवतो, तारखेऐवजी वर्षातला कितवा दिवस ते लिहून. दुसऱ्याची एक्सेल शीट भारतीय वेळेत. '2024-060' ही ओळ मी सवयीने 1 मार्च वाचली. लीप वर्ष! पास 29 फेब्रुवारीलाच होऊन गेला होता. (चूक माझीच, मान्य.)

त्याहून छळतो तो 'स्टार्ट टाइम'चा रकाना. एकाच्या लेखी अँटेना तयार करायला घेतली की सुरुवात, दुसऱ्याच्या लेखी सिग्नल पकडायला सुरुवात झाली की. नासाच्या डीप स्पेस नेटवर्कमध्ये (दूरच्या यानांशी संपर्क ठेवणारं अँटेनांचं जाळं) या दोन वेळा वेगवेगळ्या नोंदवतात, ते मला पटतं.

सीसीएसडीएसचा (अंतराळ संस्थांची डेटा-मानकं ठरवणारी समिती) 2018 चा 'सिंपल शेड्यूल फॉरमॅट' चाळलाय. एक्सएमएल (खुणा लावलेली मजकूर-फाइल) आहे, ठरलेलं वेळापत्रक कळवायला बरा वाटतो. प्रत्यक्षात कोणी वापरलाय का? दोन्ही फायली स्क्रिप्टने त्यात बदलून घ्याव्यात, की स्टेशनवाल्यांनाच त्या साच्यात पाठवायला सांगावं? आणि ऐनवेळी रद्द झालेला पास तुम्ही कसा दाखवता? आमच्याकडे सध्या ती ओळ गुपचूप गायब होते.