आतून न पाहता स्टेंट बसवणे यापुढे पुरेसे मानावे का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मी हृदयरोगतज्ज्ञ असून बरीच वर्षे अँजिओप्लास्टी करतो आहे. हृदयाची मुख्य डावी धमनी, धमनीच्या फाट्यावरचा अडथळा, लांबलचक अडथळा आणि कॅल्शियमने कडक झालेला अडथळा या ठिकाणी आयव्हस किंवा ओसीटी (धमनीचे आतून चित्र घेण्याच्या दोन पद्धती) न वापरता स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवणे हा अपुरा उपचार समजला जावा, असे माझे मत झाले आहे. या तपासणीचा खर्च खासगी विम्यात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजात धरून ती या रुग्णांसाठी सक्तीची करावी, असेही मला वाटते.

अँजिओग्राफीच्या पडद्यावर दिसते ती धमनीत भरलेल्या डायची (क्ष-किरणांत दिसणाऱ्या द्रावाची) सावली. भिंतीत किती चरबी साचली आहे, कॅल्शियमचा थर किती जाड आहे आणि रोग होण्यापूर्वी धमनी किती रुंद असावी, हे त्या सावलीवरून ताडावे लागते. आयव्हसमध्ये धमनीत सरकवलेल्या बारीक कॅथेटरच्या (नळीच्या) टोकाकडून ध्वनिलहरी सोडल्या जातात आणि भिंतीचा आडवा छेद दिसतो. ओसीटी हेच काम अवरक्त प्रकाशाने करते. ओसीटीचे चित्र कितीतरी अधिक रेखीव असते, मात्र प्रकाश भिंतीत फार खोल जात नाही आणि चित्र घेताना रक्त बाजूला सारण्यासाठी जादा डाय सोडावा लागतो. म्हणून मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णात मी आयव्हसच निवडतो.

तीन मिलिमीटर व्यासाचा स्टेंट पूर्ण उघडला तर आतील क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर होते. तोच अडीचवर अडकला तर ते ४.९ उरते, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश जागा गेली. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडद्यावर अनुभवी डोळ्यालाही निसटतो, आणि अपुरा उघडलेला स्टेंट पुन्हा अरुंद होण्याची किंवा त्यात गुठळी होण्याची शक्यता अधिक असते.

कोरियातील रिनोव्हेट कॉम्प्लेक्स पीसीआय या चाचणीत (२०२३) गुंतागुंतीचे अडथळे असलेले १६३९ रुग्ण होते. हृदयविकाराने मृत्यू, त्याच धमनीमुळे झटका किंवा त्याच धमनीवर पुन्हा उपचार, यांपैकी काही ना काही घडण्याचे प्रमाण सुमारे दोन वर्षांच्या पाठपुराव्यात इमेजिंग (आतून चित्र पाहून उपचार केलेल्या) गटात ७.७ टक्के आणि केवळ अँजिओग्राफीच्या गटात १२.३ टक्के होते. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ मध्ये अशा अडथळ्यांसाठी इमेजिंगला सर्वोच्च श्रेणीची शिफारस दिली. यानंतरही ही तपासणी डॉक्टरच्या मर्जीवर आणि रुग्णाच्या खिशावर का सोडावी?

देवगिरी

असहमत. मीही याच व्यवसायात आहे. फरक इतकाच की माझी कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची खोली) जिल्ह्याच्या ठिकाणी असून तेथे आयव्हसचे यंत्र आहे, ओसीटी नाही आणि रात्रपाळीला प्रशिक्षित तंत्रज्ञ एकच असतो.

धागाकर्त्यांनी आपल्या बाजूची चाचणी दिली, मी दुसऱ्या दोन देतो. त्याच वर्षीच्या इल्युमिएन फोर या २४८७ रुग्णांच्या चाचणीत ओसीटी वापरल्याने स्टेंटचे क्षेत्रफळ वाढले खरे, ५.३६ ऐवजी ५.७२ चौरस मिलिमीटर मिळाले; परंतु दोन वर्षांत धमनीशी संबंधित अपयश (म्हणजे वर दिलेल्या मृत्यू, झटका किंवा पुन्हा उपचार यांपैकी काही घडणे) ७.४ विरुद्ध ८.२ टक्के राहिले आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. चित्र सुधारले म्हणजे रुग्णाचे भवितव्य त्याच प्रमाणात सुधारतेच, असे यावरून म्हणता येत नाही. त्याहून महत्त्वाची मला कोरियातील गाइड डीईएस ही चाचणी वाटते. तिच्यात एका गटाला आयव्हस वापरले, तर दुसऱ्या गटात अँजिओग्राफीचेच चित्र संगणकाने मोजून ठरावीक पद्धतीने स्टेंट निवडला आणि नंतर उच्च दाबाचा बलून फुगवला. एका वर्षानंतर दोन्ही गटांत अपयश ३.८ टक्केच होते. नजरेच्या अंदाजाऐवजी मोजमाप करणे आणि बलूनचे काम मनापासून करणे, यानेही पुष्कळसे साध्य होते, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आणखी एक अडचण लिहिल्यावाचून राहवत नाही. इमेजिंगच्या बाजूच्या चाचण्यांत कोणत्या गटात आहोत हे उपचार करणाऱ्या डॉक्टरला माहीत असते. पडद्यावर अपुरा स्टेंट दिसला की तो आणखी काम करतो. दुसऱ्या गटात तेवढे कष्ट घेतले जातातच असे नाही. मग फायदा कॅथेटरचा की जादा काळजीचा?

सक्ती झाली की यंत्र नसलेली केंद्रे योजनेतून बाहेर पडतील, आणि आमच्याकडच्या रुग्णाला छातीत कळ घेऊन शंभर किलोमीटर पुढे जावे लागेल. झटका आलेल्याची बंद धमनी लवकर उघडणे हे पहिले कर्तव्य आहे आणि त्यापुढे बाकी सारे दुय्यम आहे.

पाणंद

मी डॉक्टर नाही, आरोग्याच्या खर्चाचा अभ्यास करते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा लाखाच्या पुढे गेलेला औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपयांवर आला आणि धातूचा साधा स्टेंट ७,२६० रुपयांवर. इमेजिंगचे एकदाच वापरायचे कॅथेटर त्या मर्यादेत आले नाहीत. किंमत न बांधता सक्ती केली तर स्टेंटवर वाचलेला पैसा कॅथेटरच्या वाटेने पुन्हा रुग्णाच्याच घरातून जाईल. आधी किंमत बांधावी, मग सक्तीबद्दल बोलावे. जपानमध्ये बहुतांश अँजिओप्लास्टी इमेजिंगच्या आधारे होतात त्या तेथील विमा खर्च देतो म्हणून, याकडे लक्ष वेधते.

सांजवात

वरील तिन्ही प्रतिसाद वाचून माझ्या वडिलांबद्दल लिहिते. त्यांना एका खासगी रुग्णालयात डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत स्टेंट बसवला. वर्ष पूर्ण होण्याआधीच जिना चढताना पुन्हा छाती भरून येऊ लागली. दुसऱ्या ठिकाणी ओसीटी केली, तेव्हा कॅल्शियमच्या जाड कड्यामध्ये स्टेंट मधोमध आवळलेला दिसला. तेथील डॉक्टरांनी समजावले की असे कडे आधी दिसले असते तर ते फोडून अथवा घासून मगच स्टेंट ठेवला असता; स्टेंट बसून गेल्यावर तेच काम अवघड आणि जोखमीचे होते. पहिल्या वेळी आतून पाहण्याची सोय असते, हेसुद्धा आम्हाला कोणी सांगितले नाही. देवगिरी यांचा मुद्दा मला पटतो, परंतु आमच्या बाबतीत रात्रीची घाई नव्हती, तारीख ठरवून प्रक्रिया झाली होती. तेव्हा आम्हाला विचारायला काय हरकत होती?

कृष्णाकाठ

सांजवात, आपल्या वडिलांच्या बाबतीत जे घडले तेच टाळावे म्हणून मी हा धागा काढला. विचारायला काहीच हरकत नव्हती; विचारायलाच हवे होते.

देवगिरी, इल्युमिएन फोरचे आकडे आपण अचूक दिले आहेत, फक्त एक आकडा मागे राहिला. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण त्याच चाचणीत ०.५ विरुद्ध १.४ टक्के होते. ही घटना विरळ आहे, पण जेव्हा घडते तेव्हा रुग्ण अनेकदा दगावतो, म्हणून मी तिला मोठे वजन देतो. काळजी की कॅथेटर, हा आपला प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की कुठे काळजी घ्यायची हे कॅथेटरमुळेच कळते. तातडीच्या रुग्णांबद्दल बोलायचे तर आयव्हस एसीएस या चाचणीत (२०२४) हृदयविकाराच्या तीव्र स्थितीतील ३५०५ रुग्ण होते, पाकिस्तानातील केंद्रांचाही तिच्यात सहभाग होता, आणि वर्षभरातील अपयश ७.३ वरून ४ टक्क्यांवर आले. त्यामुळे ही श्रीमंत देशांपुरती चैन आहे, असे मी मानत नाही.

तरीही दोन ठिकाणी मी मागे येतो. शंभर किलोमीटरचा आपला मुद्दा मला खोडता येत नाही, म्हणून झटक्यातील बंद धमनी उघडताना यंत्र नसेल तर सक्ती नको. साध्या, आखूड अडथळ्यासाठी मी ती मुळात मागितलीच नव्हती. पाणंद यांचे किमतीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पॅकेजात वेगळा दर आणि कॅथेटरला कमाल किंमत, हे दोन्ही एकाच वेळी व्हावे.

देवगिरी

एवढी दुरुस्ती झाल्यावर आपल्यातील अंतर कमी झाले, मिटले नाही. मुख्य डाव्या धमनीसाठी आयव्हस मीही वापरतो आणि तेथे ते नसेल तर रुग्ण पुढे पाठवतो. मात्र कॅथेटर आत गेले म्हणजे काम झाले, असे मानण्याची सवय सक्तीमुळे लागेल, ही माझी भीती कायम आहे. मी अशी चित्रे पाहिली आहेत ज्यांत स्टेंट उघडलेला नाही हे स्पष्ट दिसते, आणि तरी पुढे काहीच केलेले नसते. पॅकेजात दर द्यायचाच असेल तर तो कॅथेटरच्या वेष्टनावर न देता स्टेंटनंतरच्या अंतिम चित्रावर आणि नोंदवलेल्या किमान क्षेत्रफळावर (स्टेंटच्या सर्वांत अरुंद जागेच्या मापावर) द्यावा. असा नियम आला तर माझा विरोध मी मागे घेईन.

सांजवात

ते क्षेत्रफळ डिस्चार्ज कार्डावर लिहून मिळू शकते का? वडिलांच्या दुसऱ्या प्रक्रियेची सीडी आमच्याकडे आहे, पण कार्डावर फक्त स्टेंटची कंपनी, लांबी आणि रुंदी लिहिली आहे.

कृष्णाकाठ

मिळू शकते. स्टेंटनंतर ओसीटी केली असेल तर सीडीतील शेवटच्या चित्रमालिकेत ते मोजलेले असण्याची शक्यता आहे. पुढच्या तपासणीला ती सीडी सोबत न्यावी आणि किमान क्षेत्रफळ किती मिळाले, असा थेट प्रश्न विचारावा. डावी मुख्य धमनी सोडून इतरत्र ओसीटीने साडेचार चौरस मिलिमीटरहून अधिक आणि आयव्हसने साडेपाचहून अधिक क्षेत्रफळ आम्ही साधारणपणे समाधानकारक धरतो.